पेट्रोल धुणारे मेश्रामबाबूजी

बायका तांदूळ धुतात, डाळ धुतात. रायपूरच्या गुढियारीत माझ्या भिंतीला लागून राहणारे मेश्रामबाबूजी पेट्रोल धुतात.

ही थट्टा नाही. पंपावरून पारदर्शक कॅनमध्ये पेट्रोल आणायचं, त्यात पाणी घालायचं, बाळाला जोजवावं तसं हलवायचं आणि अंगणात सावलीला ठेवून द्यायचं. पेट्रोलात मिसळलेलं इथेनॉल पाण्याशी सलगी करतं आणि त्याच्यासोबत खाली बसतं. ते नळीनं काढून टाकायचं, वरचं पेट्रोल गाडीला. धुण्याआधी बाबूजी भिंतीवरून विचारतात, "सुनबाई, गॅस बंद हाये का?" मी बंद करते. त्या दिवशी आमच्याकडे वरणाला उशीर होतो. आमच्या घरचे म्हणतात, हा म्हातारा एक दिवस अख्खी गल्ली उडवेल, तू तिकडे फिरकू नकोस.

गाडी म्हणजे फिकट निळी जुनी पद्मिनी. बाबूजी रेल्वेत फिटर होते, तेव्हा घेतलेली. इथेनॉल म्हणजे दारूच, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून "पाचवं शील मोडाचं नाही" हे त्यांचं पालुपद झालं. आम्ही बुद्धाची माणसं. विहारात पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं. पण ते मोटारीला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मिस्त्री समजावतो की रबराच्या नळ्या बदला, कार्बोरेटर साफ ठेवा, काही होत नाही. बाबूजी म्हणतात, "लिवर बदलून भेटते म्हणून काय रोज प्याची?" पंपावर नळी धरून उभ्या असलेल्या मुलीला ते विचारतात, "इसमें कितनी दारू है, बेटी?" मागची रांग हॉर्न वाजवत राहते. नागपुरात बिनइथेनॉलचं महागडं पेट्रोल मिळतं असं कळलं, तर गाडी घेऊन तिकडेच गेले. टाकी भरली, आणि घरी येईपर्यंत बरीचशी रस्त्यातच संपली. मग हे धुणं सुरू झालं. धुतलेल्या पेट्रोलावर गाडी चढाला टकटक आवाज करते. त्यावरही त्यांचं उत्तर तयार असतं. "शुद्धीवर आलेला मानूस कुरकुर करतेच थोडी."

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा सुबोध पुण्याहून आला, तो गिऱ्हाईक ठरवूनच. नव्या रायपुरातल्या दफ्तरातले एक मराठी साहेब, जुन्या गाड्यांचे शौकीन. बाबूजींच्या घरात बाई नाही, म्हणून चहा मी नेला आणि दाराशी उभी राहिले.

साहेबांनी बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. बाबूजींनी विचारलं, पेट्रोल कोणतं घालाल? साहेब जाणकार निघाले. म्हणाले, माझ्या सगळ्या जुन्या गाड्यांना मी बिनइथेनॉलचंच मागवतो. गाडी उभीच असते, दुसरं पेट्रोल टाकीत राहिलं की ओल धरतं आणि टाकी आतून गंजते. बाबूजींचा चेहरा उजळला. चावी साहेबांसमोर आली. सुबोधनं आरामात पाय पसरले.

मग बाबूजी म्हणाले, "आन् तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही घेता का?"

साहेब हसले. "शनिवारी थोडीशी. मित्र जमले की."

बाबूजींनी चावी उचलून खिशात टाकली. "चाय घ्या," म्हणाले, "थंडी होऊन राहिली."

साहेबांना आधी ही गंमत वाटली. कळलं तेव्हा चहा अर्धा ठेवून गेले.

सुबोध ओरडला नाही. हळू बोलला, म्हणून जास्त लागलं. "बाबा, आप किस मुँह से बोलते हो? आई इस गाड़ी में कभी बैठी? आप पीकर चलाते थे, और वो बीमारी में भी रिक्शे से अस्पताल जाती थी."

मी खाली बघितलं. लग्न होऊन मी या गल्लीत आले, त्याआधीच सुबोधची आई, म्हणजे नात्यानं माझ्या मावशी, गेल्या होत्या. मला बाबूजी न पिणारेच माहीत.

सुबोध संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी मी कपबशा आणायला गेले, तर बाबूजी अंगणात कॅनसमोर बसलेले.

"पोट्टा खोटं नाही बोलला, सुनबाई," ते म्हणाले. "तुही मावशी म्हणे, ज्या दिवशी न पिता गाडी काढशीन, त्या दिवशी बसीन. लय वाट पाह्यली तिनं. मले सुटली ते ती गेल्यावर."

कॅनमधलं खालचं पाणी नळीनं काढणारे हात थांबले. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मान वर केली, जणू पंपावरची सगळी रांग समोर उभी आहे.

"आता ती तं काही बसाले येत नाही. पन गाडी तिले पाह्यजे होती तशीच राह्यन. एक थेंब नाही जाऊ देनार. हसनाऱ्यानं हसावं."

भिंतीपलीकडून आमच्या घरच्यांनी दोनदा हाक मारली. मी गेले नाही. पदर खोचला आणि टाकीच्या तोंडावर नरसाळं धरून उभी राहिले.