नदीपलीकडची आचारीण

एका जंगलात, मुलांनो, शिदोजी नावाचा कोळसुंदा राहत होता. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. हा पहाऱ्याचा नाईक होता. काम सोपं होतं: हुंगायचं. वास आपला असला तर सोडायचं, परका असला तर फाडायचं. विचार करायचं काम त्याच्याकडे नव्हतं, आणि त्याने ते कधी मागितलंही नाही.

जंगलाचा मुदपाकखाना एक म्हातारं अस्वल सांभाळायचं. आलेलं प्रत्येक कंदमूळ निवडायचं, विषारी ते फेकायचं, चांगलं ते साठवायचं. पण मोहाच्या दारूपायी ते पार कामातून गेलं. निवडणं थांबलं आणि हळूहळू सगळ्या जंगलाचे डोळे पिवळे झाले. सिंहमहाराज दरबारात पेंगू लागले.

शेवटी अस्वल वारलं. जंगलाचे वैद्य धनेशपंत, म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश पक्षी, यांनी नदीपलीकडच्या रानातून भागूबाई नावाची अस्वलीण आणवली. पहिल्याच दिवशी शिदोजीने तिला हुंगलं आणि दंडाचा लचका तोडला.

“नाईक, तिच्यावाचून महाराज मरतील,” वैद्य म्हणाले.

“मरोत. पण परक्याच्या हातचं खाऊन जगायचे नाहीत.”

वैद्यांनी वाद घातला नाही. पहारेकऱ्यांच्या पाण्यात रोज गुंगीचा काढा मिसळला. शिदोजीचं नाक बधिर झालं. भागूबाईची जखम भरली, लचक्याच्या जागी नवं मांसही आलं. जंगलाचे डोळे निवळले. पण पहारा पेंगतोय हे पाहून शेजारचे कोल्हे घुसले, आणि चार ससे गेले. वैद्यांना काढा पातळ करावा लागला.

नाक थोडं जागं होताच शिदोजी दात विचकत मुदपाकखान्यात शिरला. भागूबाई चुलीमागे सरली. पण रोज तिच्यासमोरून शेकडो अनोळखी जिनसा जायच्या. प्रत्येकीवर गुरगुरत बसली असती, तर चूल कधी पेटली असती? तिने मध घातलेली पेज पुढे ठेवली.

“आधी जेवा नाईक, मग चावा.”

शिदोजी जेवला. मग चावणं त्याच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चावायला आला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आला. त्याचे शिपाईही तावातावाने यायचे आणि पेज पिऊन तिथेच लवंडायचे. काहींनी तर दारातच ठाण मांडलं. गुरगुरत येणाऱ्या आपल्याच भावांना ते गप्प बसवू लागले.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी वैद्यांनी कुणालाही न सांगता काढा बंद केला. शिदोजी उठला तेव्हा त्याचं नाक लख्ख होतं. तो तडक मुदपाकखान्यात गेला. वैद्य फांदीवर श्वास रोखून बसले.

शिदोजीने भागूबाईला हुंगलं. बराच वेळ हुंगलं.

“काय झालं, नाईक?” तिने हळूच विचारलं.

“काही नाही. पेजेत मीठ कमी आहे.”

महाराजांनी शिदोजीचा सत्कार ठेवला. तो भाषणात म्हणाला, “आमच्या जंगलात कुणीच परकं नाही. त्याला मन मोठं लागतं.”

टाळ्या चालू असतानाच डोंगरापलीकडचं एक साळिंदर तळ्यावर पाणी प्यायला आलं. शिदोजीने भाषण अर्धवट टाकलं, वास घेतला आणि त्याला थेट डोंगरापर्यंत पिटाळलं. मग धापा टाकत परत येऊन हार घालून घेतला.

तात्पर्य : परक्याला आपलं म्हणायला मन मोठं असावं लागत नाही. नाक काही काळ बधिर आणि पोट कायम भरलेलं असलं, की पुरतं. मन मोठं होतं, हे नंतर भाषणात सांगावं.