सटवाजीमामांची निसटलेली ओळ

कॉम्प्युटर चालू होताना बघायला येणारा आणि तो चालू झाला की उठून जाणारा माणूस साऱ्या कुरुंद्यात एकच, आमचे सटवाजीमामा.

माझं झेरॉक्सचं दुकान. तिथला कॉम्प्युटर इतका जुना, की बटण दाबून शेताला पाणी देऊन आलं तरी तो जांभयाच देत असतो. घाई फक्त सुरुवातीला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सुटतात, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरून बगळ्यांचा थवा उठावा तशा, आणि विरून जातात. त्या कुणीच वाचत नाही. मामा वाचतात. चपला बाहेर काढून, चष्मा पुसून, ओठ हलवत. इंग्रजी येतं ते अक्षर जुळवण्यापुरतं. अर्थाची तकलीफ ते घेत नाहीत. "त्यो सांगून राहिला ना, मंग कुणी तरी ऐकाया पाह्यजे," म्हणतात.

मामा मोंढ्यात, धान्य-हळदीच्या बाजारात, हळदीचे सौदे पुकारायचे. सारा मोंढा एका दमात ओरडला तरी त्यांना ज्याची त्याची बोली वेगळी ऐकू यायची. ते सुरू झाले की चिमण्यांना मध्ये चिवचिवायला फट सापडत नसे. अशा माणसाला एका डबड्यानं हरवलं. मधली एक ओळ रोज निसटायची. पाडव्याच्या आत ती धरायचीच, असा मामांचा हट्ट.

परवा सकाळी गावभर हळद शिजत होती. वाफेत रस्ता बुडालेला. मामांच्या आधी त्यांचा खोकला दुकानात पोचला. त्या दिवशीही ओळ निसटायला लागली, तेव्हा मला राहवेना.

"मामा, हे बटण दाबलं की ओळी जागेवर थांबतात. निवांत वाचा."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको दाबू."

"काहून?"

"सौद्यात घाईनं बोलणाऱ्याला थांबवत नसत्यात, बाबा. थांबवलं की त्यो बोली गिळून टाकतो." मग हळूच म्हणाले, "आमची सुमन पुण्याहून फोन करती. डब्याच्या सुट्टीत, एका दमात. जीभ माझीच नेली तिनं. मागं एकदा म्हणलं, बाई, जरा हळू बोल, मला समजून न्हाई राहिलं. तवापासून निस्तं विचारती, बाबा, जेवलात का? अन् ठिवती."

मी बटणावरचा हात मागं घेतला.

"पाडव्याला येऊन राहिली. यंदा तिला थांबवणार न्हाई. जेवढं धरता येईल तेवढं धरीन."

एव्हाना ओळी संपून पडद्यावर रंगीत डोंगर आला होता. दारात गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला.

मामांनी खुर्ची पुढं ओढली.