नवाबाची गोधडी

लातुरात भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली. गल्लीत स्लॅबवर स्लॅब चढले आणि कोचिंगची पोरं-पोरी वरच्या खोल्यांत राहायला आली, पण बापूसाहेबांची बाज काही अंगणातल्या कडुलिंबाखालून हलेना. लिंबाचा बारीक मोहोर अंगावर पडत राही आणि चांदण्या बघता बघता त्यांचा डोळा लागे. विशाखाबाई आत एकट्या पडत. पंख्याशी किती बोलणार?

शेवटी बापूसाहेबांनीच तोडगा काढला. हादरा जनावराला आधी कळतो, तेव्हा घरात एक जनावर आणायचं. ते निवांत, तोवर आपण निवांत. नांदेडच्या बाजारातून पांढरा ससा आला. "नर हाय, लई रुबाबदार," असं विकणाऱ्यानं सांगितल्यामुळं त्याचं नाव नवाब ठेवलं. नवाब पलंगाखाली पाय ताणून झोपू लागला आणि पलंगावर बापूसाहेब घोरू लागले. ते घोरणं ऐकत पडून राहण्यात विशाखाबाईंना जे सुख होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

आणि एका सकाळी नवाबाच्या छातीवर टक्कल दिसलं.

"अगं, केस झडून राहिले याचे! फरशी बी उकरून राहिला. जमिनीत काहीतरी चालू हाय."

"उन्हाळा हाय. माझे बी झडून राहिलेत. मी काय भूकंप हाय का?"

गोधडी पलंगावरच टाकून, नुसती चादर घेऊन बापूसाहेब अंगणात गेले. ज्याची त्यानं उचलावी, म्हणून विशाखाबाईंनी त्या गोधडीला हात लावला नाही. स्वतःची गादी त्यांनी रागानं स्वयंपाकघरात नेली.

राग आपल्या जागी, पण नवरा आत यायचा तर आधी सशाच्या अंगावर केस यायला हवेत. वर मनस्विनी राहायची, लोह्याहून डॉक्टर व्हायला आलेली. तिनं चष्मा सारखा केला.

"काकू, बुरशी आहे. शंभर टक्के."

हळद आणि लिंबाचा पाला वाटून थापला. नवाब पिवळा झाला. दोन दिवसांनी क्लासमध्ये जीवनसत्त्वांचा धडा लागला, तशी बुरशी मागे पडून गाजरं सुरू झाली. मग कीटकांचा धडा आला आणि सगळं घर फिनेलनं धुवून निघालं. पोरगी पुढं शिकत गेली, तसे नवाबाचे आजार बदलत गेले. टक्कल मात्र पोटापर्यंत आलं. नवल म्हणजे रोज झाडूनही विशाखाबाईंना घरात त्याचा एक केस सापडत नव्हता.

अखेर पिवळा नवाब टोपलीत घालून विशाखाबाई एसटीनं उदगीरला गेल्या. जनावरांचे डॉक्टर मलप्पा म्हशीचा दात बघत होते. त्यांनी हात धुतले, नवाबाला उलटं धरलं आणि हसले.

"कातडीला काय बी झालं न्हाई, बाई. हळद तेवढी धुवा. आन् हा नर न्हाई, मादी हाय. सोताच केस उपटून राहिली, पिल्लांसाठी. घरी बघा, कुठंतरी मऊ जागा केली आसंल."

"पण घरात दुसरा ससाच नाही!"

"पोटात काय बी न्हाई हो. तिला वाटून राहिलं, हाय म्हणून. इसरंल आपसूक. तवर ती जागा मोडू नका, न्हाईतर परत उपटंल."

घरी येऊन विशाखाबाईंनी पहिल्यांदा ती गोधडी उलगडली. घडीत गवत होतं, झाडूच्या काड्या होत्या आणि मधोमध पांढऱ्या केसांची मऊ गादी होती. पिल्लू एकही नव्हतं. विशाखाबाईंनी घडी होती तशी परत घातली.

"काकू, तो धडा आमचा अजून झालाच नाही," डॉक्टरांचं निदान ऐकून मनस्विनी जिन्यावरून म्हणाली.

विशाखाबाई अंगणात गेल्या. "ऐका. नवाब मादी हाय, पिल्लांसाठी केस उपटून राहिली. ती भ्यालेली असती, तर बाळंतपणाला आपलं घर धरलं असतं का तिनं?"

बापूसाहेब चादर काखेत मारून, दिवेलागणीला, आपल्या पायांनी घरात आले. ते पलंगावर बसणार तोच नवाबानं टुणकन गोधडीवर उडी मारली, दात विचकले आणि ती त्यांच्यावर चक्क गुरकावली.

"जागा मोडायची नाही म्हणलेत डॉक्टर," विशाखाबाई हळूच म्हणाल्या.

बापूसाहेब मुकाट्यानं परत फिरले. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडं विशाखाबाईंनी क्षणभर पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून आपली गादी उचलली.

"तू कुठं निघालीस? डास चावतात म्हणायचीस ना?"

"चावू द्या. सरका तिकडं."

दोघं बाजेवर शेजारी पडले. मोहोर गळत होता, आभाळात पहिली चांदणी उगवली होती. इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, असं विशाखाबाईंना वाटत होतं. तेवढ्यात शेजारच्या सुमनबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अवो, उठा! बापूसाहेबांचं सोडा, आज विशाखाबाई बी भायेर झोपल्या! आता न्हाई काय खरं!"

अंधार पडायच्या आत सगळ्या गल्लीच्या बाजा, पोरं आणि कोचिंगची पुस्तकं रस्त्यावर आली. गल्लीत स्लॅबखाली एकटी नवाब तेवढी राहिली होती, आणि ती गाढ झोपली होती.