तेलाचं प्रकरण विचाराधीन आहे

बोरघाट चढण्याआधी मोटारी शिळफाट्याला थांबायच्या, इंजिनात पाणी ओतून घ्यायच्या. मोटार थांबली की वडाखालून एक छत्री उठायची. छत्रीखाली बापू टिपणीस असायचे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एका खिशात लेखणी आणि दुसऱ्या खिशात रिकाम्या अत्तराच्या बाटल्या. मोटारीपाशी जाऊन ते अदबीनं वाकायचे आणि म्हणायचे, "आपल्या इंजिनातलं तेल चमचाभर मिळावं, ही विनंती."

लोक पहिल्यांदा दचकायचे. एका मडमेनं त्यांना भिकारी समजून बिस्किट दिलं. बापूंनी ते तिच्याच कुत्र्याला दिलं आणि विनंती पुन्हा केली. तेल मिळालं की ते चिमटीत चोळायचे, हुंगायचे, कणभर जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी ते कुठे जाऊन यायचे कोण जाणे. मोटारीचं पाणी भरून व्हायचं, ड्रायव्हर खाकरायचा, तरी बापू परतलेले नसायचे. मग डोळे उघडून हळूच म्हणायचे, "हे नव्हे."

पोटापाण्यासाठी बापू खालापूरच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. तीस वर्षं अर्ज लिहून त्यांच्या बोलण्यालाही अर्जाची कळा आली होती. 'सबब' हा शब्द तर जिभेवर घर करून राहिला होता. आभाळ भरलं आहे, सबब छत्री घेतली आहे. चहा निवला आहे, सबब पुन्हा ठेवावा लागेल. त्यांचं लग्न का झालं नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हाही म्हणाले की कारणं अनेक आहेत, सबब एकही सांगत नाही.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यातला नवा डॉक्टर होतो आणि नव्या डॉक्टराच्या अंगात जेवढा शहाणपणा असतो तेवढा माझ्याही अंगात होता. बापूंच्या शेजारचीच खोली भाड्यानं घेतली होती. त्यांच्या ओसरीच्या खिडकीत तेलाच्या सत्तेचाळीस बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येकीला चिठ्ठी. 'क्रमांक नऊ. वर्ण तांबूस, स्वभाव उतावळा. नामंजूर.' 'क्रमांक चौदा. वास बरा, परंतु विश्वास ठेवण्याजोगे नाही. नामंजूर.' एडनहून आलेल्या एका तेलाला तर त्यांनी नुसतं 'गर्विष्ठ' म्हणून काढून टाकलं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला ऊन त्या खिडकीत यायचं. समोरच्या भिंतीवर पिवळे, तांबूस, हिरवट कवडसे हलायला लागायचे. बापू आरामखुर्चीत पडून ते बघायचे आणि मधूनच बोलायचे. थंडीत तेल पातळ हवं, उन्हाळ्यात दाट हवं. सपाटीवर काहीही खपतं, पण घाटात तेल चुकलं की इंजिन छाती फुटून मरतं. तेलाला घाई नसावी. मी ऐकत बसायचो. त्या रंगांकडे बघता बघता आपल्याला काही काम आहे हेच विसरायला व्हायचं. मला हुडकायला दवाखान्याचा शिपाई दोनदा तिथं आला आणि दोन्ही वेळा तोही बसला.

आता एवढा तेलाचा शोध कशासाठी, तर पडवीत गोधडीखाली झाकलेल्या एका फटफटीसाठी. खोपोलीला डोंगरावरून पाण्याचे मोठे नळ आणायचं काम चाललं होतं, तिथला साहेब विलायतेला परतताना ती टिपणिसांच्या घरी देऊन गेला होता. मला तिचा मोह पडला होता, हे मी कबूल करतो. पळसदरीच्या वरच्या पाड्यांवर जायचं तर मला बैलगाडी आणि पुढे पाय. फटफटी वापरायला द्या, असं मी दोन वर्षं मागत होतो आणि दोन वर्षं मला एकच उत्तर मिळत होतं. "योग्य तेल अद्याप मिळालेलं नाही, सबब प्रकरण विचाराधीन आहे."

कचेरीतले लोक हसायचे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं बापूंना फटफटी चालवता येईना म्हणून तेल वाकडं, असं म्हणायचे. मलाही ते पटत चाललं होतं. शेवटी मी मुंबईहून उत्तम तेलाचा एक डबा आणला. म्हटलं, आपणच सोक्षमोक्ष लावू. रविवारी सकाळी बापू आंघोळीला गेलेले पाहून मी पडवीत शिरलो आणि गोधडी उचलली. फटफटीवर धुळीचा कण नव्हता. तेलाच्या टाकीचं झाकण काढलं आणि डबा तिरका केला.

तेवढ्यात बापू ओल्या पंचानिशी धावत आले आणि त्यांनी टाकीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला. माझं तेल त्यांच्या मनगटावरून खाली ओघळलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "नको, डॉक्टर. आत विनूचं आहे."

त्या वाक्यात 'सबब' नव्हता. मी डबा खाली ठेवला.

विनू त्यांचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांनी धाकटा. आईबाप गेल्यावर बापूंनीच त्याला वाढवलं. त्या साहेबाच्या हाताखाली तो इंजिनाचं काम शिकला आणि फटफटी खरं तर साहेबानं त्यालाच दिली होती. लढाईच्या दिवसांत तो मोटारी दुरुस्त करायला बसऱ्याला गेला. निघण्याच्या दिवशी त्यानं तेलाची टाकी काठोकाठ भरली आणि म्हणाला, दादा, दर रविवारी हिला थोडा वेळ चालू करत जा, नाहीतर रुसेल. वर्षभरात येतो. वर्षभरात तार आली.

तारेनंतरही बापू दर रविवारी फटफटी चालू करत राहिले. पण तिचं इंजिन तेल पिणारं. जेवढं आत जाई तेवढं धूर होऊन उडून जाई. टाकीत बोटभर तेल उरलं तेव्हा बापूंनी हात आवरला. त्याला पाच वर्षं झाली होती.

मग वरून दुसरं घालायचं, असं मी म्हणालो. माझा शहाणपणा अजून पुरता गेला नव्हता.

"आईच्या विरजणाचं दही मी अजून खातो, डॉक्टर," बापू म्हणाले. "जुन्यात नवं पडत गेलं की जुनं संपत नाही. पण एकजीव व्हायला हवं. हे होत नाही. खराट्याच्या काडीनं थेंब काढतो, नव्या तेलात घोटतो, आणि सकाळी बघावं तर वेगळं. विनूचं आपलं खाली जाऊन बसलेलं."

प्रत्येक नव्या तेलामागे त्याचा एक थेंब खर्च झाला होता. सत्तेचाळीस थेंब. आता आणखी किती तेलं तपासायची, ही भीती त्यांना लागली होती.

मी कापसाच्या बोळ्यावर थोडंसं मागून घेतलं आणि दवाखान्याच्या टेबलावर ठेवून दोन दिवस हुंगत बसलो. दाट, काळपट, जरासा करपट वास. काही कळेना. तिसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावरची भागी ठाकरीण पायात मोडलेला काटा काढून घ्यायला आली. मी चिमटा शोधत होतो आणि ती हवेत नाक उंच करून बसली होती.

"डागदर, आमचं त्याल हितं कसं?" तिनं विचारलं. "एरंडी भाजून काढल्यालं हाय. फटफटीवाला इनूदादा न्यायचा. चुलीम्होरं बसून ऱ्हायचा, घाई नाय करायचा."

रोज तालुक्याच्या पोरांना एरंडेल पाजणारा मी डॉक्टर. पण माझं एरंडेल बाटलीतलं, गोरंपान, त्यामुळे हे मला ओळखू आलं नव्हतं. बापूंचंही तेच झालं होतं. साहेबाच्या यंत्राला साहेबाचंच तेल लागणार, म्हणून ते पाच वर्षं मुंबईच्या रस्त्याकडे बघत बसले होते.

चार दिवसांनी भागी वाळक्या भोपळ्यातून तेल घेऊन बापूंच्या अंगणात आली. तेल मीच मागवलं होतं, पण विनूचं तिला काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नव्हता.

"इनूदादा हाय का घरी?"

बापूंनी खुर्चीचा हात धरला. "नाही गं. तो बसऱ्याला गेला, तो तिकडंच वारला."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. भागी पायरीवर खाली बसली. भोपळा मांडीवर घेऊन म्हणाली, "आमी म्हनलं, दादाला दुसरीकडचं त्याल मिळालं आसंल."

बापूंनी टाकीतून एक थेंब काढला, तिच्या तेलात घोटला आणि बाटली खिडकीत ठेवली. आम्ही तिघं ओसरीवर बसून राहिलो. कुणी उठलं नाही, चहाचंही नाव काढलं नाही. तीन वाजता ऊन आलं आणि भिंतीवर त्या बाटलीचा मधाच्या रंगाचा एकच कवडसा पडला. वर नाही, खाली नाही, सगळा एक. बापू त्याच्याकडे बघतच राहिले. त्या बाटलीला चिठ्ठी लावायची त्यांना आठवण झाली नाही.

पुढे शिळफाट्याचा हसनमिया ड्रायव्हर दोन दिवस खपला. नळ्या साफ केल्या, पेट्रोल घातलं, तेलाच्या टाकीला मात्र त्यानं हात लावला नाही. ती बापूंनी स्वतः भरली. सकाळी आम्ही दोघांनी फटफटी अंगणात ढकलत फिरवली. चौथ्या फेरीला ती खोकली आणि सुरू झाली. निळसर, करपट धुरानं सगळं अंगण भरून गेलं. बापू बरोबर धुराच्या लोटात उभे होते. टोपी हातात, डोळे मिटलेले.

"बापू, बाजूला व्हा. डोळ्यांत धूर जातोय."

"जाऊ दे," ते म्हणाले. "विनू घरी आला की हाच वास यायचा."

पळसदरीला माझी वाट बघत रोगी बसले होते. मी फटफटी तशीच चालू ठेवून उभा राहिलो.