भाजी वाजली पाहिजे

आमच्या शेजारचे इब्राहिमचाचा भाजी कानाने चाखतात. कढई उतरली की पहिला घास समोरच्या पोराच्या तोंडात आणि चाचांचा कान त्याच्या गालाशी. "चाव बेटा. वाजली पाहिजे."

चाचांनी उभी हयात आखातात, दोह्याला एका खानावळीत स्वयंपाक केला. आता पनवेलात एकटेच असतात. चाची गेल्या, मुलगा तिकडेच. दर रविवारी बिल्डिंगमधली पोरं ताटल्या घेऊन त्यांच्या दारात हजर. कोबी, गाजर, सिमला मिरची, फरसबी, सगळं उभं आणि बारीक चिरलेलं. तेलात लसूण, मोठी आच, मीठ-मिरपूड, वरून जरासा सोया सॉस, की झालं. "झाकण ठेवायचा नाय. भाजीला घाम सुटला की ती मुकी होते." घरी कोबी बघून नाक मुरडणारी आमची केतकी तिथे दोनदा मागून खाते. मी तश्शीच करून वाढली, तर म्हणाली, "आई, मुकी आहे."

यंदा मात्र चाचांचं बिनसलं. दर रविवारी एकच, "मुकी हाय." उरण नाक्यावरच्या भाजीवाल्याशी गाजरावरून भांडले, शेगडी बदलली. भाजी कढईत कमी कमी वेळ टिकायला लागली आणि पोरं बिचारी कच्चा कोबी चावत बसली. इकडे त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्ही आमच्या घरात बसून ऐकत होतो. शेवटी मी ओरडूनच सांगितलं, "चाचा, एकदा कान दाखवून या."

"कानाला काय झालाय? भाजीला झालाय."

मे महिन्यात नात आली, झोया. वर्षभर व्हिडिओ कॉलवर चाचा तिला वाजणाऱ्या भाजीचं आमिष दाखवत होते. त्या रविवारी त्यांनी गाजर दोनदा चिरलं, पहिलं मनासारखं झालं नाही म्हणून. झोयाने घास घेतला. कुरूमकुरूम आम्हाला दारापर्यंत ऐकू आलं. चाचांनी एक कान लावला, मग दुसरा. त्यांचा चेहरा उतरला.

"मुकी हाय," असं पुटपुटून ते तिची ताटली उचलायला गेले.

झोयाने त्यांचा हात धरला, आपल्या गालावर ठेवला आणि चावत राहिली. चाचांनी हात काढला नाही.

"वाजते," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

झोया परत गेली. आता रविवारी पोरं घास तोंडात टाकतात आणि चाचांनी सांगायच्या आत त्यांच्या हातापुढे गाल करतात. सगळ्यात पुढे आमची केतकी असते.