दीडाचे सव्वा

जे मोजता येतं तेच सुधारता येतं. आणि जे सुधारत नाही ते निदान पुन्हा मोजता येतं. या भक्कम पायावर उभ्या असलेल्या संस्थांमध्ये डेटा सेंटरचं स्थान फार वरचं आहे. डेटा सेंटर म्हणजे बिनखिडक्यांची एक अवाढव्य इमारत. तिच्यात हजारो सर्व्हर अहोरात्र तापतात आणि त्यांना गार करायला शेकडो एसी अहोरात्र राबतात. (दोघांनीही जरा दमानं घ्यावं, अशी सूचना अद्याप कोणत्याही बैठकीत आलेली नाही.)

अशाच एका सेंटरच्या कार्यक्षमता अधिकाऱ्यांना सगळे पाठीमागे ‘भागाकार’ म्हणत. त्यांचं काम एकच होतं: इमारतीत आलेली एकूण वीज भागिले सर्व्हरांनी खाल्लेली वीज. उत्तर एकाच्या जितकं जवळ, तितकं सेंटर गुणी. पण हे उत्तर कित्येक वर्षं दीडावर ठाण मांडून बसलं होतं. शेवटी मोठ्या मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, की तपासणीला सव्वा दिसलं नाही तर अधिकारी बदलू. आयुष्यभर भागाकार केलेल्या माणसाला या वयात बेरजेचं काम कोण देणार?

त्यांनी हातपाय मारले. केबलींना शिस्त लावली, दारांच्या फटी बुजवल्या, ‘दार ओढून घ्या’ अशा पाट्या लावल्या. (पाट्यांवर दिवे बसवावे लागले.) उत्तर ढिम्म हललं नाही.

मग नव्यानं आलेली इंजिनीअर म्हणाली, “सर, यातले निम्मे सर्व्हर काहीच करत नाहीत. नुसते चालू आहेत.”

“आपल्याकडे चालू असणं हेही काम धरतात,” भागाकार म्हणाले. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी ते सर्व्हर बंद करवले. विजेचा वापर एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्यानं उतरला. भागाकारांनी मोठ्या आनंदानं भागाकार मांडला. उत्तर आलं पावणेदोन.

त्यांनी पेन बदलून पाहिलं. तरी पावणेदोनच. गणित साधं होतं: एसी जवळजवळ पूर्वीइतकेच चालत होते आणि ज्यानं भागायचं तो सर्व्हरांचा आकडा मात्र रोडावला होता.

“पण मॅडम, वीज वाचली,” भागाकार पडेल आवाजात म्हणाले.

“ती कोणी मागितली होती?” मॅडमनी विचारलं.

घरी ते सुन्न होऊन जेवायला बसले. बायकोनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. “अहो, तिथे चिटपाखरू नाही आणि पंखा गरगरतोय. एवढी हौस असेल तर इस्त्रीही लावून ठेवा की. मिक्सरही फिरवा, रिकामाच.”

भागाकारांचा घास हातातच राहिला. लग्नानंतर प्रथमच त्यांना बायकोचं म्हणणं तंतोतंत पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. बंद केलेले सर्व सर्व्हर तत्काळ कामावर रुजू करून घ्यावेत. एकही सर्व्हर निष्क्रिय आढळल्यास संबंधितांना जबाबदार धरण्यात येईल. काम नसल्यास ते निर्माण करावे.

“पण यांना करायला देऊ काय?” इंजिनीअरनं विचारलं.

सर्व्हरांच्या कोठारात शोध घेतला तेव्हा लोकांनी साठवलेले फोटोच फोटो निघाले. एकाच ताटाचे सात. गाडी कुठे लावली त्या खांबाचे. चुकून काढलेले छताचे. एका पाहणीनुसार (पाहणी भागाकारांनी चहा पिता पिता केली) शंभरातले सत्त्याण्णव फोटो काढणाऱ्यानंही पुन्हा पाहिले नव्हते. भागाकारांनी हुकूम सोडला, की सर्व्हरांनी हा प्रत्येक फोटो रोज उघडावा, निरखावा, दुसऱ्या प्रत्येक फोटोशी ताडून पाहावा आणि परत मिटून ठेवावा. सर्व्हर धापा टाकू लागले. एसींना नवं काही करावं लागलं नाही, कारण ते आधीपासूनच गरजेच्या दुप्पट गारठा सोडत होते. वीज मूळच्या दीडपट झाली आणि उत्तर सव्वावर आलं. तपासणीला आलेल्यांनी भागाकारांचा हात बराच वेळ सोडला नाही.

एकच धास्ती उरली. “सर, लोकांनी हे फोटो पुसून टाकले तर?” इंजिनीअर म्हणाली.

भागाकारांचा चेहरा पडला. फोटो गेले की काम गेलं, काम गेलं की सव्वा गेलं, आणि सव्वाच्या पाठोपाठ ते स्वतः. म्हणून नवी योजना आली: सर्व्हरांनी रोज सकाळी एक जुना फोटो निवडून ‘पाच वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी’ असं लिहून मालकाकडे धाडावा.

“असल्या फोटोंना कोण भुलणार?” इंजिनीअर हसली.

आज सकाळी तुम्हाला आला तो त्यातलाच. पाऊण अंगठा आणि पाव मावशी. तुम्ही त्यावर ‘दिवस कसे भुर्रकन जातात’ असं लिहून तो घरच्या सगळ्यांना पाठवलात, आणि सगळ्यांनी तो आपापल्या फोनमध्ये जपून ठेवला. भागाकारांना दुपारी बढती मिळाली.