गाडीचा माणूस विण्याला उभा

"रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला माणूस यावा म्हणून वर्षाचे पैसे आधीच भरायचे? अरे बद्री, आपण काय परमुलखात राहतो का? आपल्याकडं गाडी नुसती खोकली तरी गाव गोळा होतं!"

नानासाहेब फोनवर हे इतक्या ठसक्यात बोलले, की भिंतीवरची पाल दचकून फोटोमागं गेली. सिडकोतल्या त्या घरात एवढं दमदार वाक्य ऐकायला ती एकटीच होती.

द्वारकाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बद्रीनाथ पुण्यात. पाटबंधारे खात्यातली नोकरीही संपलेली. सकाळी एका माणसाचं वरण लावलं की कुकरसुद्धा अर्धीच शिट्टी द्यायचा. एवढ्याशा कामाला पूर्ण कशाला, असं त्याचं म्हणणं! राहता राहिली ती चौदा वर्षांची पांढरी गाडी, आणि गाडीमुळं राहिलं कीर्तन. बिडकीन म्हणा, वैजापूर म्हणा, कुठंही सप्ताह बसला की नाना हजर. मंडपात शेजारचा माणूस "सरका की नाना जरा" म्हणाला, तरी त्यांचा दिवस सुखाचा जायचा. मंडळी, कीर्तनातली ही अर्धी गोडी कुणी बोलून दाखवत नाही. देवाचं नाम तर घरी बसूनही घेता येतं. पण घरी आपल्याला 'सरका' कोण म्हणणार?

"ते गाव गोळा होणं मला सांगू नका," पलीकडून बद्री म्हणाला. "गेल्या महिन्यात दोनदा बंद पडली. शनिवारपर्यंत तो मदतीचा प्लॅन घ्या. नाही घेतला, तर रविवारी मी येतो आणि गाडी विकूनच टाकतो. बास!"

इथंच घोळ झाला! दुसऱ्या कुणाला ही धमकी वाटली असती. नानांना त्यातलं 'रविवारी मी येतो' एवढंच ऐकू आलं. बद्री शेवटचा आला होता मागच्या वर्षीच्या गणपतीत, तोही आपली गाडी दारात चालू ठेवून.

म्हणजे आता असं झालं. प्लॅन घेतला तर गाडी राहते, पण बद्री येत नाही. नाही घेतला तर बद्री येतो, पण गाडी जाते. आणि गाडी गेली की कीर्तन गेलं. दोन दिवस नाना घरात येरझाऱ्या घालत राहिले. सल्ला विचारावा तर पालही आता बोलावल्याशिवाय बाहेर येत नव्हती.

शेवटी त्यांनी प्लॅनच्या कंपनीला फोन लावला. एका मॅडमनी गोड आवाजात माहिती विचारायला सुरुवात केली.

"सर, गाडीत बहुतेक वेळा किती जण असतात?"

"एक."

"म्हणजे तुम्ही आणि…?"

"मी आणि मीच."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. झालं! तीन वर्षांत नानांना कुणी 'अरेरे' म्हटलं नव्हतं. ते चाळीस मिनिटं बोलले. द्वारकाबाईंच्या हातची येसराची आमटी, बद्रीचा मुंजीतला फोटो, कुठल्या बुवांचा आवाज कसा लागतो, सगळं सांगून झालं. मॅडमनी दमून विचारलं, "मग सर, घ्यायचा ना प्लॅन?"

"विचार करून सांगतो. उद्या फोन करा!"

त्यांनी उद्या केला, परवाही केला. शुक्रवारी बिचाऱ्या काकुळतीला आल्या. "सर, एकदा फुकट वापरून बघा. नाही आवडला तर घेऊ नका. मग आम्ही फोन करून त्रास नाही देणार."

"अहो, त्रास कसला त्यात!" नाना घाईघाईनं म्हणाले.

शनिवारी बिडकीनच्या अलीकडं एका वाडीवर सप्ताहाची समाप्ती होती. काल्याचं कीर्तन! नाना पैठण रोडनं निघाले. मंडप अर्ध्या किलोमीटरवर राहिला, लाउडस्पीकरवर 'हॅलो, हॅलो, माईक चेक' सुरू झालं, आणि गाडी खर्रर करून जागीच बसली.

तुम्हाला वाटेल नाना हबकले. छे! ते खूशच झाले. आता बद्रीला पुरावाच मिळणार होता. ते खाली उतरले आणि हाताची घडी घालून गाव गोळा व्हायची वाट बघू लागले.

कारखान्यांच्या शिफ्टच्या बस गेल्या, एक, दोन, तीन. आतली माणसं माना टाकून झोपलेली. एक मोटारसायकलवाला थांबला, नाना लगबगीनं पुढं झाले, तो म्हणाला, "काका, गाडी बाजूला घ्या की, लई आडवी लावली!" आणि गेला. अर्ध्या तासात गाव म्हणून जे गोळा झालं ते एक कुत्रं. त्यानंही टायरपाशी आपलं काम उरकलं आणि मागं न बघता चालू लागलं.

नानांनी मुकाट्यानं कंपनीला फोन केला. "पाऊण तासात माणूस पोचेल," असं उत्तर आलं. गाडीला कुलूप घालून ते मंडपाकडं चालत निघाले.

आता सप्ताहातला एक नियम सांगायला हवा. विणा जमिनीला टेकवायचा नसतो. सात दिवस, रात्रंदिवस, कुणी ना कुणी तो गळ्यात घेऊन उभा असतो, आणि सुटायचं तर दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच सुटायचं! वाडीवरचे कारभारी पहाटेपासून उभे होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, चेहरा पार गोळा झालेला. नानांना बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाना! देवासारखं आलात! दोनच मिनिटं धरा, आलोच मी!"

विणा गळ्यात, हात पायांना, आणि कारभारी नदीकडं! असे पळाले की उपरणं मागून उडत गेलं.

दोन मिनिटांची चाळीस झाली. नाना ज्याच्याकडं बघत, तो एकदम डोळे मिटून भक्तीत बुडे. विणेकऱ्याच्या नजरेला नजर देऊ नये, हे सप्ताहातलं पहिलं शहाणपण!

तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी तिशीतला एक माणूस आला. हातात पान्यांची पिशवी, अंगात कंपनीचा केशरी टी-शर्ट. "गाडी कुणाची बंद पडलीय? मी बिरू, कंपनीचा माणूस."

नानांनी मानेनंच बोलावलं. "चावी खिशातून काढून घे. पण बॉनेट तुला उघडायचं नाय. स्टिअरिंगखाली एक तार हाय, ती डावीकडं ओढत वर बुक्की मारावी लागते. ते मलाच जमतं."

"मग चला की बाबा."

"चलू कसा? विणा हाय ना गळ्यात!"

"ठिवा खाली घटकाभर."

सगळा मंडप एका दमात 'श्श!' करून उठला. बायकांत पुढं बसलेल्या आवडाबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "खाली? अरं बाबा, सात दिस झाले, टेकला नाय अजून! हात धू, पाय धू, अन् तूच घे गळ्यात. नाना येतील बॉनेट उघडून."

बिरूनं हात धुतले, पाय धुतले. नानांनी विणा त्याच्या गळ्यात घातला, रीतीप्रमाणं दोघं एकमेकांच्या पाया पडले, आणि नाना धावत गाडीपाशी आले. तार ओढली, बुक्की मारली, बॉनेट उघडलं. कमरेवर हात ठेवून त्यांनी आत पाहिलं. आणि मग उजेड पडला. गाडी इथं, बॉनेट उघडं, मालक हजर. आणि दुरुस्त करणारा तिकडं विण्याला उभा!

फोन वाजला. मॅडम!

"सर, आमचा माणूस पोचला का?"

"पोचला."

"काम सुरू केलं?"

"आल्याआल्या उभा केला त्याला."

"सध्या काय करतोय?"

नाना खोटं बोलत नसत. काल्याच्या दिवशी तर नाहीच नाही. "विणा वाजवतोय."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "सर, तो पार्ट कुठं असतो?"

"गळ्यात!"

मॅडम घाबरल्या. त्यांनी फॉर्मवरचा दुसरा नंबर फिरवला. तो बद्रीचा. दोन मिनिटांत बद्रीचा फोन, आवाज पार फाटलेला. "नाना! तुमच्या गळ्यात काहीतरी अडकलंय म्हणे! बोलता येतंय का? हलू नका, मी निघतो आत्ता!"

मी निघतो आत्ता! नुसतं कण्हायचं होतं, मंडळी. एक 'आई गं' म्हटलं असतं, तर पोरगा संध्याकाळी दारात असता! लाउडस्पीकरवर मृदंग घुमत होता.

"नाही रे. मी ठणठणीत आहे. गाडीचा माणूस मंडपात विण्याला उभा आहे, मी गाडीपाशी उभा आहे, गाडीपण उभीच आहे. आमचं सगळ्यांचं बरं चाललंय."

"हुश्श," बद्री म्हणाला. "मग ठीक. मी मीटिंगमध्ये आहे." आणि फोन बंद.

नाना मंडपात परतले, तर तिथं निराळाच प्रकार! बिरूच्या कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूचा हार, आणि पाया पडायला रांग. त्याच्या टी-शर्टाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चोवीस तास सेवेत' लिहिलेलं. बुवांनी ते बरोबर हेरलं होतं. बिरूला फिरवून सगळ्यांकडं पाठ करायला लावून ते गर्जत होते, "बघा, बघा! चोवीस तास! आपण चोवीस मिनिटं तरी असतो का हो, देवाच्या सेवेत?" टाळ्यांचा कडकडाट!

कारभारीही आंघोळ, न्याहारी आणि एक डुलकी उरकून ताजेतवाने आले होते. "आण रे विणा," ते म्हणाले.

"थांबा जरा," बिरू म्हणाला.

"अरे बिरू, गाडी!" नाना कानात कुजबुजले. बिरूच्या खिशात फोन सारखा थरथरत होता.

बिरू हळूच म्हणाला, "नाना, सात वरीस झाले या कामाला. घर तिकडं माळावर, मी वाळूजला खोलीत एकलाच. रोज धा गाड्या चालू करतो. गाडी चालू झाली की माणूस काच वर करून जातो. नाव इचारत नाय कुणी. हितं घटकाभरात साठ माणसं पाया पडली. कीर्तन संपूस्तर राहू द्या ना गळ्यात."

नानांनी टाळ घेतले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. रस्त्यावर गाडी बॉनेट वासून उन्हात जांभया देत राहिली.

काला झाला, लाह्या-दही वाटून झालं, विणा समाप्तीला पोचला, तेव्हा दीड वाजला होता. बिरूनं येऊन बॅटरीची वायर पान्यानं अर्धा वळसा आवळली. गाडी सुरू!

"एवढंच?" नाना म्हणाले.

"एवढंच."

"अजून बघ की. काहीतरी असेल."

"नाय नाना, एकदम ठणठणीत." तो बुक्का न पुसताच मोटारसायकलवर बसला. फोनवर एकोणीस गिऱ्हाइकं खोळंबली होती.

घरी येऊन नानांनी निकाल लावला. जाऊ दे गाडी. पोरगा येऊ दे. त्यांनी दोन माणसांच्या पुरणाची डाळ निवडून ठेवली, घसा खाकरला आणि फोन लावला. "बद्री, मी ठरवलंय. प्लॅन काही मी–"

"अहो, मी दुपारीच इथून पैसे भरून टाकले! वर्षाचा प्लॅन. कटकटच मिटली. आता उद्या यायचं कारण नाही. जेवलात ना? बरं, ठेवतो."

पाठोपाठ मॅडमचा फोन आला. "अभिनंदन सर! आता निर्धास्त राहा. यापुढं आम्ही फोन करणार नाही, मेसेजच येतील."

पहिला मेसेज लगेच आला. नानांनी चष्मा लावून वाचला. वर्षभरात चार वेळा बोलवाल तिथं माणूस येईल.

चार वेळा! नानांनी नव्या वर्षाची दिनदर्शिका मांडीवर घेतली आणि पेन्सिलीला टोक केलं. गुढीपाडव्याच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, 'गाडी बंद'. मग द्वारकाबाईंच्या तिथीला. मग लक्ष्मीपूजनाला, सकाळी, म्हणजे माणूस फराळाला थांबेल.

चौथी खेप मात्र त्यांनी पुष्कळ विचार करून राखून ठेवली. न जाणो, एखाद्या वेळी गाडी खरंच बंद पडली तर!